तिच्या माशांची भूक

बायको गेली तेव्हा तिच्या कामांपैकी दोनच कामं मला जमतील असं सगळ्यांचं मत पडलं. एक तुळशीला पाणी घालणं आणि दुसरं तळ्यातल्या माशांना कणकेच्या गोळ्या टाकणं. तुळस महिन्याभरात वाळली. शेजारीण म्हणाली, "मामा, पाणी घालताव का कढत चहा?" तेव्हा मी ठरवलं, मासे तरी जगवायचे.

मासे काही आमचे पाळलेले नव्हेत. सोलापूरच्या कडेला आमची वस्ती, आणि वस्तीच्या मागं एक तळं. देवळाजवळच्या मोठ्या तळ्यासारखी त्याला शोभा नाही. बाभळी आहेत, थोड्या दगडी पायऱ्या आहेत, आणि पाण्यात मासे आहेत. ते तिथं कुणी सोडले कुणाला ठाऊक नाही. पण बायकोचं म्हणणं असं की त्यांना खायला घालायची जबाबदारी तिची.

मी टॉवेलच्या कारखान्यात मागावर जन्म काढला. खडखडाटाची इतकी सवय, की घरात कुणी हळू बोललं की मला वाटायचं माझ्याबद्दलच चाललंय. बहुतेक वेळा तसंच असायचं. बायको दारात बसून विड्या वळायची. शेजारीण विणकराच्या घरातली, घरात तेलुगू बोलणारी. ती पण विड्यांचं सूप मांडीवर घेऊन तिच्याजवळ येऊन बसायची. दोघींचं बोलणं निम्मं मराठी, निम्मं तेलुगू. माझी निंदा मात्र दोन्ही भाषांत.

रोज सकाळी पोळ्यांची कणीक मळली की बायको त्यातला एक गोळा बाजूला काढायची. त्यात गूळ घालायची. हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून वाटीत भरायची आणि तळ्यावर जायची. मी म्हणायचो, "माशांना गूळ आणि मला बिनसाखरेचा चहा, हा कुठला न्याय?" ती म्हणायची, "मासळ्यांना साखरेचा आजार न्हाय. आणि त्या उलट बोलत न्हाईत."

पुढं तिला दम लागायला लागला. तंबाखूची धूळ आयुष्यभर नाकातोंडात गेलेली, डॉक्टरांनी फोटो काढून छाती दाखवली. दवाखान्यात नाकाला नळी लावून पडलेली असताना तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं आता काही प्रेमाचं बोलेल. ती म्हणाली, "आवं, मासळ्यांना इसरू नका. तुमी जेवलाव का न्हाय ते शेजारी बघतील. मासळ्यांचं कोन बघनार?"

"बघतो की," मी म्हणालो.

"नुसतं बघू नका. खायला घाला."

एवढंच. शेवटचं असं बोलणं झालं ते हे. लोक सांगतात त्यांच्या माणसांनी जाताना देवाचं नाव घेतलं. आमच्याकडं कणकेचा हिशेब झाला.

तर तुळस गेल्यावर मी कणीक मळायला बसलो. शेजारीण दारातनं बघत होती. "मामा, ही कणीक हाय का मागाची खळ?" खळ म्हणजे सुताला लावतात ती पेज. मी म्हणालो, "माशांना फरक कळत नाही." ती म्हणाली, "मामीच्या हातच्या खाल्लेल्या मासळ्या हायत त्या. कळतो."

मी भीतभीतच पायरीवर बसलो आणि एक गोळी टाकली. तर काय सांगू, पाणी सगळं तोंडांनी भरून गेलं! शेकडो तोंडं, उघडी, गोल. गोळ्या पुरेनात. मी घरी येऊन शेजारणीला ऐकवलं, "बघ, माझ्या हातच्या गोळ्यांना झुंबड उडाली. तुझ्या मामीच्या वेळी एवढी गर्दी नसायची."

खरंच नसायची. मीही कधीमधी तिच्याबरोबर जायचो. ती गोळी टाकायची, पाण्यात खाली कुठंतरी चमकायचं, एखादं शेपूट वळायचं आणि झालं. तिला तेवढ्यात समाधान. आता मात्र नुसती जत्रा. मला वाटलं, मासे मला ओळखायला लागले. म्हातारपणी माणसाला कुणीतरी ओळखावं असं वाटतंच.

ही गोष्ट वस्तीत पसरली. मी पसरवली म्हणा की. सकाळी फिरायला येणाऱ्यांची एक टोळी आहे. तिचा पुढारी आमच्या गल्लीतलाच एक निवृत्त कारकून, आम्ही त्याला पेन्शनर म्हणतो. सोलापुरात सगळेच एकमेकांना मालक म्हणतात, तसा तो मला म्हणाला, "मालक, तुमच्या मिसेसची पुण्याई बघा, मासे नुसते झेपावतात." आणि दुसऱ्या दिवशी तो पावाचा पुडा घेऊन हजर. मग कुणी शिळा भात आणला, कुणी फरसाण. अमावस्येला तर बायका पुरणाचा नैवेद्य घेऊन आल्या. एक बाई तोंडं उघडलेली बघून डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "किती उपाशी हायत बिचारे!" सगळे पुण्य मिळवत होते. मी पायरीवर बसून देखरेख करायचो, जणू ते माझंच हॉटेल.

मग एक दिवस घरातलं पीठ संपलं. गिरणी बंद होती. मी रिकाम्या हातानंच तळ्यावर गेलो. का गेलो? घरात बसवत नव्हतं म्हणून गेलो. नुकतं उजाडलं होतं. पायऱ्यांवर कुणीच नव्हतं. आणि मासे वर आलेले होते.

मी कुणाला काही टाकलं नव्हतं. माझ्याकडं त्यांचं लक्षही नव्हतं. सगळे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून, तोंड उघड, मीट, उघड, मीट. मी बराच वेळ बघत राहिलो. असं तोंड मी कुठंतरी बघितलं होतं. मग आठवलं कुठं. दवाखान्यात, नळी लावायच्या आधी, खाटेवर.

त्या माशांना भूक लागली नव्हती. त्यांना दम लागला होता.

मी उठलो. नाला तळ्यात पडतो त्या बाजूला गेलो. तिथं काही मासे पांढरी पोटं वर करून पडले होते. काळं पाणी, वर तेलाचा तवंग, पावाचे तुकडे फुगून कडेला साचलेले. वासाबद्दल लिहीत नाही. तो वास आम्हाला रोज येत होता, फक्त आम्ही म्हणायचो वारा फिरलाय.

लेकीला फोन लावला. ती कोकणात दिली आहे, मालवणकडं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तात्या, तुमी त्यांना खायला घालायचं बंद करा. पाण्यात पडलेलं अन्न कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो. गटाराचं पाणी येतंय ते वेगळंच."

"तुझ्या आईनं सांगितलंय घालायला."

"आईला मासे जगायला हवे होते की गोळ्या संपायला?"

ही पोर लहानपणापासून अशीच, आईवर गेलेली. मग तिनं तिकडचं सांगितलं. त्यांच्याकडं समुद्रात पोवळ्यांची बेटं आहेत, पाण्याखाली. हॉटेलांचं सांडपाणी तिकडं जातं, पाणी गढूळतं, त्यावर शेवाळ चढतं आणि पोवळी मरतात. तिथल्या लोकांनी एक मंडळ केलंय. मासेमार आहेत, शाळेच्या बाई आहेत, आमची लेक आहे. कुठल्या हॉटेलचा पाइप कुठं निघतो ते होडीतनं जाऊन बघतात आणि त्या हॉटेलच्या दारात जाऊन बसतात.

मी म्हणालो, "पोवळं म्हणजे? तुझ्या आईच्या मंगळसूत्रात होतं ते? लाल?"

"त्याच्याच भाऊबंदातलं."

"ते जिवंत असतं?"

"हो, तात्या. बारीक बारीक जीव असतात, ते आपलं घर बांधतात. त्याचं पोवळं होतं."

मंगळसूत्र कपाटात होतं. फोन ठेवल्यावर ते काढलं आणि त्यातलं पोवळं बोटावर घेऊन बघितलं. इतकी वर्षं ती दुसऱ्या कुणाचं तरी घर गळ्यात घालून फिरत होती आणि आम्हा दोघांना पत्ता नाही. माहीत असतं तर तिनं त्यालाही कणीक घातली असती.

दुसऱ्या दिवशी मी काठी घेऊन पायऱ्यांवर बसलो आणि येईल त्याला परत पाठवायला लागलो. पेन्शनर पावाचा पुडा घेऊन आला. "मालक, हे काय? उपाशी मारताव का त्यांना?"

"पाव परत न्या. घरी चहात बुडवून खा."

"अहो, पण धर्म असतो की नाही?"

"तुम्हाला दम्याचा त्रास आहे. दम लागला की तुमच्या तोंडात कुणी पाव कोंबलेला चालंल का?"

तो रागावून गेला. पण दुसऱ्या दिवशी लवकर आला, पाव न घेता, आणि माझ्याशेजारी बसून बराच वेळ माशांची तोंडं बघत राहिला. शेवटी खिशातला पंप काढून स्वतःच्या तोंडात मारला. "च्यायला," तो म्हणाला, "खरंच की."

तेव्हापासून तो आमच्यात सामील. त्याला अर्ज लिहायची फार आवड. सुंदर अक्षरात त्यानं अर्ज लिहिला, 'महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत, आणि महापालिकेच्या ऑफिसात देऊन आला. नंतर आणखी एक दिला. अर्जाला नंबर पडला याचा त्याला इतका आनंद झाला की नाला तसाच वाहतोय हे तो विसरला.

मी म्हणालो, "मालक, तुमचा नंबर लागला, आता माशांचा कधी लागायचा?"

मला घाई होती. पौषात तिचं वर्षश्राद्ध येणार होतं. त्या दिवशी तिच्या माशांना तिच्या गोळ्या घालायच्या, असं मी मनात धरून बसलो होतो. आधीच तिचं सांगणं मोडून काठी घेऊन बसलो होतो. त्यात मासेच संपले तर तिला काय तोंड दाखवणार? माझ्याकडं तिचं एवढंच काम उरलं होतं.

तेव्हा आम्ही नाल्याच्या कडेकडेनं वर चालत गेलो, लेकीच्या मंडळासारखं. होडी नव्हती, पायातल्या चपला होत्या. मी, पेन्शनर आणि शेजारीण. नाला एका नव्या मंगल कार्यालयाच्या मागच्या भिंतीला जाऊन भिडला. भिंतीतनं जाड पाइप, पाइपातनं खरकटं, तेल, भाताची शितं. शेजारीण आनंदानं ओरडली, "सापडला बघा चोर!" आम्ही तिघं फाटकातनं आत.

कार्यालयाचा मालक गळ्यात जाड साखळी घालून खुर्चीत बसला होता. आमचं सगळं ऐकून घेतलं, पाणी विचारलं. मग म्हणाला, "आजोबा, माझा पाइप हाय, मी न्हाय म्हनत न्हाय. पन माझ्याच नावानं का बोंब? तुमच्या गल्लीची मोरी कुटं जाती?"

"आमची जमिनीत जाते," मी छातीठोक सांगितलं.

"जमिनीत जाऊन पुढं कुटं जाती? काशीला?"

शेजारीण हसली. माझ्या बाजूनं आलेली बाई, ती हसली. मी चिडलो. म्हणालो, "दाखवतो तुला."

कारखान्यात असताना रंगखात्यातलं पाणी कुठनं मुरतंय हे बघायला आम्ही त्यात भडक रंग ओतायचो आणि बाहेर हिंडायचो. घरात रंगपंचमीचा हिरवा रंग उरला होता. मी बादलीभर पाण्यात तो कालवला आणि माझ्या मोरीत ओतला. वर आणखी बादल्या ओतल्या. पेन्शनर गल्लीच्या तोंडाला उभा, शेजारीण नाल्यापाशी, आणि कार्यालयाचा मालक स्वतः येऊन तळ्याच्या पायरीवर बसला होता, हातात पान. मी बादली ठेवून तळ्यावर पोचतोय तर तो पानाचा हात हलवून मला बोलावत होता.

"या आजोबा, या. पोपट झालाय बघा तुमचा."

बाभळीच्या मुळाशी एक फुटका पाइप होता, मी जन्मात बघितला नव्हता. त्यातनं हिरवं पाणी तळ्यात चाललं होतं. अगदी निवांत, हिरवंगार.

आमच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या मोऱ्या, संडासाच्या टाक्यांचं वरचं पाणी, सगळं तिकडंच. शेजारीण तोंडाला पदर लावून म्हणाली, "म्हंजी मामी सकाळी मासळ्यांना कणीक घालायची आन् दुपारी धुण्याचं पाणी."

"आणि मी?" मी म्हणालो.

"तुमचं सांगत न्हाय. सकाळची येळ हाय."

कार्यालयाचा मालक हसून हसून पडायचा बाकी होता. पण गडी मनानं वाईट नव्हता. हसणं संपल्यावर म्हणाला, "आता भांडून काय उपेग न्हाय, आजोबा. दोघं बी एकाच गटारात हाय. काय करायचं बोला."

काय करायचं हे मला घरी भाकरी करपताना सुचलं. चैत्र होता. सोलापूरचा चैत्र म्हणजे डांबर पायाला चिकटतं. जागोजागी पाणपोया लागलेल्या. मी म्हटलं, आपणही पाणपोई घालू. पाणी तळ्याचं.

मंडप कार्यालयाच्या मालकानंच दिला, लग्नाचा, झालर लावलेला. रांजण शेजारणीचे. त्यांना लाल ओलं फडकं गुंडाळलं, वर पितळी ओगराळं अडकवलं, पेले मांडले. पाटी पेन्शनरनं रंगवली, त्याचं अक्षर शेवटी कामाला आलं. 'या, पाणी प्या. आपल्याच तळ्याचं, आपल्याच मोऱ्यांचं. वास आला तर तोही आपलाच.' गल्लीच्या तोंडाला, मोठ्या रस्त्यावर आम्ही ती मांडली आणि मागं खुर्च्या टाकून बसलो.

लोक पाटी वाचायचे, रांजणात डोकवायचे आणि नाक धरून मागं सरायचे. काही हसायचे, काही शिव्या द्यायचे. एक रिक्षावाला पाटी न वाचता पेला भरून तोंडाला लावायला निघाला तेव्हा शेजारणीनं त्याच्या हातावर अशी चापट मारली की पेला रस्त्यावर. "काय बे, जीव जड झाला का?" मग तिनं त्याला आपल्या बाटलीतलं चांगलं पाणी दिलं. पुढं आम्ही एक रांजण चांगल्या पाण्याचाही ठेवला, मागच्या बाजूला. म्हणजे आधी लाज, मग पाणी.

लग्नाचे पाहुणे येता-जाता मोबाइलवर फोटो काढायचे. ते फोटो कुठंकुठं फिरले. बार्शीतनं माझ्या मेहुण्याचा फोन आला, "दाजी, तुमी गटाराचं पाणी इकायलाव म्हनं?" मी म्हणालो, "विकत नाही. फुकट आहे. तुझ्यासाठी भरून ठेवू का?"

अशात एका दुपारी मोटरसायकलवरनं एक तरुण साहेब आला. हेल्मेट काढलं, घाम पुसला, आणि सरळ रांजणाकडं हात केला.

शेजारीण ओरडली, "ओ साहेब! वाचायला येतंय का न्हाय?"

त्यानं पाटी वाचली. पेला नाकाजवळ नेला. खाली ठेवला. मग ओशाळून म्हणाला, "तुमचे अर्ज माझ्याच टेबलावर आहेत."

पेन्शनर उठून उभा राहिला आणि नमस्कार करून म्हणाला, "नंबर सांगू का?"

"नको. तळं दाखवा."

त्याला आम्ही सगळं दाखवलं. मंगल कार्यालयाचा पाइप, आमचा फुटका पाइप, मेलेले मासे. तो वाकून बराच वेळ उतार बघत होता. म्हणाला, मोठ्या रस्त्याच्या खालनं ड्रेनेजची मोठी लाइन गेलीय, पण तुमची गल्ली खोलगट आहे, पाणी चढून तिकडं जाणार नाही. मागच्या अंगानं नवा पाइप टाकावा लागेल. "तो मी मंजूर करून आणायचा प्रयत्न करतो. पण घरातली जोडणी घरमालकांनी करायची. मोऱ्या उकराव्या लागतील. एकानं जरी नाही जोडलं तरी त्याचं पाणी तळ्यातच येणार."

तो प्रयत्न करतो म्हणाला तेव्हा मी मनात म्हटलं, झालं. पण पोरगं खरंच मागं लागणारं निघालं. आम्ही पाणपोई उठवली नाही, त्याचाही त्याला उपयोग झाला असावा. वैशाख संपता संपता पाइपांनी भरलेला ट्रॅक्टर आला. कार्यालयाच्या मालकानं पहिल्यांदा जोडणी करून घेतली, आणि गाळणीची टाकी बांधली तेलासाठी. वर गल्लीभर सांगत हिंडला, "आमचं झालं, आता तुमचं बघा." माणसाला पुढं असल्याचा आनंद फार.

आमच्या गल्लीत मी दारोदार फिरलो. बहुतेकांनी मोऱ्या उकरल्या. एक घर अडलं. कुणाचं? पेन्शनरचं! त्यानं नुकतीच न्हाणीघराला नवी फरशी बसवली होती, निळी, फुलाफुलाची. अर्ज लिहिणारा माणूस, पाटी रंगवणारा माणूस, आता दारात उभा राहून म्हणतोय, "मालक, एकट्याच्या पाण्यानं काय होणार आहे? दिवाळीनंतर बघू."

मी त्याच्या ओट्यावर बसलो. म्हटलं होतं चार विनोद करू, त्याला चिडवू. पण तसं काही तोंडातनं आलं नाही. मी म्हणालो, "मालक, पौषात तिचं वर्षश्राद्ध आहे. मला तिला सांगायचंय की मासे आहेत. दुसरं माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही."

तेवढ्यात आतनं त्याच्या बायकोचा आवाज आला, "फोडा हो ती! मला तो निळा रंग आवडलाच नव्हता."

"मग बसवताना का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलं होतं का?"

पेन्शनरनं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं. असल्या भांडणात पडायचं नाही हे मला चांगलं ठाऊक. पण खरं सांगतो, त्या दोघांचं ते बोलणं मी कान देऊन ऐकत होतो. माझ्या घरात आता कुणी मला उलट बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी निळी फरशी रस्त्यावर ढिगानं पडली. जोडणी झाल्यावर साहेबानं बाभळीजवळचा फुटका पाइप सिमेंटनं बुजवला. मी हौसेनं पुन्हा हिरवा रंग मोरीत ओतला आणि पायरीवर जाऊन अंधार पडेस्तोवर बसलो. काही आलं नाही. शेजारीण म्हणाली, "मामा, आता पुरे. ह्या वर्षी रंगपंचमी दोनदा झाली."

पाऊस यंदा चांगला झाला, तळं भरलं, सांडून वाहिलं. सगळं एकदम स्वच्छ झालं असं लिहिणार नाही. तळाला जुना गाळ आहेच, कडेला कुणी ना कुणी पिशव्या टाकतंच. आमची टोळी रविवारी त्या वेचते आणि टाकणाऱ्याच्या दारात नेऊन ठेवते. त्यात शेजारीण पटाईत. कुणाची पिशवी हे ती आतल्या भाजीच्या देठांवरनं ओळखते. लेक फोनवर म्हणाली, "तात्या, आमच्याकडंही दोन हॉटेलांनी टाक्या बांधल्या." मी म्हणालो, "पोवळ्यांना सांग, सोलापूरकरांनी विचारलंय."

पौष आला. वर्षश्राद्धाच्या दिवशी मी लवकर उठलो आणि कणीक मळली. सालभरात हात बसला होता, खळ नव्हती. गूळ किसून घातला, जरा जास्तच. हरभऱ्याएवढ्या गोळ्या करायला मला वेळ लागतो, बोटं जाड आहेत. वाटी भरली. मंगळसूत्र खिशात घेतलं. का घेतलं ते विचारू नका. शेजारीण, पेन्शनर आणि त्याची बायको माझ्यामागनं आले, मी बोलावलं नव्हतं.

नुकतं उजाडत होतं. पाण्यावर धुकं होतं. मी पायरीवर बसलो आणि बघितलं. पाणी सपाट. एक तोंड वर नाही.

मी गोळी टाकली. टुपकन बुडाली. काही नाही. आणखी एक टाकली. कुणी झेपावलं नाही, कुणी तोंड उघडलं नाही. मला वाटलं, संपले सगळे. एवढा खटाटोप केला आणि उशीर झाला.

मग तिसरी गोळी टाकली तेव्हा खाली, बऱ्याच खाली, काहीतरी चमकलं. एक शेपूट वळलं. गोळी बुडता बुडता नाहीशी झाली. दुसरीकडं आणखी एक चमक. वर मात्र कुणी आलं नाही. वर यायची त्यांना गरज नव्हती.

तिच्या वेळी असंच असायचं.

"आहेत का हो?" पेन्शनरनं हळूच विचारलं.

"आहेत," मी म्हणालो. "पण मला ओळख देत नाहीत."

शेजारीण नाक ओढून म्हणाली, "मामीनं सांगितलं आसंल त्यांना, ह्यांच्या हातचं खाऊ नका."

आम्ही थोडा वेळ बसलो. ऊन आलं. पेन्शनरच्या बायकोनं थर्मासातला चहा दिला, साखरेचा. मी प्यालो, कुणी अडवलं नाही. वाटीत बहुतेक गोळ्या तशाच उरल्या होत्या. पाण्यात ओतून द्यायच्या नाहीत हा आमचाच नियम. मी वाटी घेऊन घरी आलो, सगळ्या गोळ्या एकत्र दाबून पुन्हा मळल्या, तवा ठेवला आणि त्याची दशमी लाटली. गुळाची होती, काठाला जरा करपली. तिच्या ताटात वाढली, मंगळसूत्र ताटाशेजारी ठेवलं.

ताट जरा वेळ तसंच ठेवलं. मग दशमी मी खाल्ली. बरी झाली होती. मीठ घालायला विसरलो होतो, पण माशांसाठी ती कधी मीठ घालत नसे.